जास्वंदीला कुणी विचारलंच नाही

एकदा काय झालं, एका राजाच्या बागेतली जास्वंद फुलायची थांबली.

साधीसुधी जास्वंद नव्हे, बरं का. राजाचे आजोबा होते, थोरले महाराज. त्यांनी लहानपणी ती आपल्या हातानं लावली होती. म्हणून त्यांचा हुकूम होता, माझ्या जास्वंदीला कुणी कात्री लावायची नाही. सत्तर वर्षं कुणी लावली नाही. मग काय, जास्वंद नुसती उंच गेली. खाली काठ्याच काठ्या आणि वर चार पानं.

उन्हाळा सरत आला. आंबे संपले, विहीर तळाला गेली, तरी झाडावर एक कळी नाही. थोरले महाराज माळणीला म्हणाले, "सरूबाई, गणपती बसतील त्या सकाळी फूल दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर तू आणि तुझी पोर बागेतली झोपडी सोडून चालत्या व्हा."

सरूबाईचं काही चुकलं होतं का? काही नाही. पण मोठ्या माणसांचं काही बिघडलं की ती आधी धाकात राहणारं माणूस शोधतात.

मग उपाय सुरू झाले.

पहिले आले स्वतः थोरले महाराज. त्यांनी मुळाशी घागरभर दूध ओतलं. मुंग्यांची चैन झाली.

मग आले प्रधानजी. त्यांनी भर दुपारी, माती तव्यासारखी तापलेली असताना, बारा कळश्या पाणी ओतवलं. मुळं अर्धी शिजली. गावाला प्यायला पाणी नव्हतं, ते वेगळंच.

मग आले राजगुरू. म्हणाले, झाडाचा मान राखा. आणि त्यांनी बुंध्याला चिकटून दगड-चुन्याचा चौथरा बांधला. जास्वंदीचा गळाच आवळला म्हणा ना.

आणि राजा? राजा आजोबांच्या तोंडाकडे बघत उभा होता. पस्तीस वर्षांचा बाप्या.

तिघांचे उपाय संपले, तेव्हा तिघांनी ठरवलं की झाडच आळशी आहे.

आता सरूबाईची पोर, तिचं नाव तानी. वय नऊ. पंतोजींनी तिला पाठशाळेतून काढून टाकलं होतं, कारण ती सारखं 'का' म्हणायची आणि पंतोजींना उत्तर यायचं नाही. एका संध्याकाळी तानी जास्वंदीपाशी उकिडवी बसली आणि म्हणाली, "काय होतंय गं तुला?"

जास्वंद आधी खोकली. दोन-चार मुंग्या उडाल्या. मग म्हणाली, "बाई गं. सगळे येतात आणि मला सांगून जातात. विचारलंस तू एकटीनं."

"मग बोल की."

"हा चौथरा काढ. पाणी घाल, पण ऊन उतरल्यावर, आणि थोडंच. मुळांवर वाळका पाला पसर, म्हणजे ओल टिकेल. आणि या जुन्या काठ्या बघ. वर्षानुवर्षं फुलत नाहीत, नुसतं माझं पाणी पितात आणि सावली पाडून नव्या फुटव्यांना दाबतात. काप त्यांना."

"दुखेल ना?"

"दुखेल. काप."

तानीनं आईची कात्री उचलली. सरूबाई घाबरली. "अगं पोरी, हाकलून देतील आपल्याला."

"नाही कापलं तरी हाकलणारच आहेत, आई. मग कापून तरी जाऊ."

मग सरूबाईनंही पहार घेतली आणि चौथरा फोडला.

सकाळी महालात हाहाकार. जास्वंद कमरेएवढी उरलेली. थोरले महाराज काठी आपटत म्हणाले, "आत्ताच्या आत्ता चालत्या व्हा."

तेव्हा राजानं आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं. हळूच म्हणाला, "आजोबा, गणपतीपर्यंतची मुदत तुम्हीच दिलीय."

आता दिलेला शब्द मागं कसा घेणार? थोरले महाराज तणतणत निघून गेले.

कापलेल्या काठ्यांचा ढीग पडला होता. तानीनं त्यांचे वीतभर तुकडे केले आणि घरोघर वाटत सुटली. "दोन डोळे मातीत, दोन डोळे वर," एवढंच सांगायची. काठीवर जिथून पान फुटतं, तो डोळा, बरं का. लोकांनी सावलीत काठ्या खोवल्या. जुन्या मडक्यात, फुटक्या टोपल्यात, परसात, जमेल तिथं.

मग आषाढ गेला. जास्वंदीला इवले इवले फुटवे आले. मग श्रावण गेला. पानं आली, हिरवीगार. पण कळी? कळी नाही. सरूबाईनं निमूटपणे बोचकं बांधायला घेतलं.

गणपती बसायची सकाळ उजाडली. थोरले महाराज काठी टेकत बागेत आले, मागोमाग प्रधानजी आणि राजगुरू. बघतात तर जास्वंद खालपासून वरपर्यंत लालभडक. मोजता मोजता राजगुरू तीनदा चुकले.

आणि गावात तर वेगळीच गंमत. घरोघरच्या काठ्याही त्याच सकाळी फुलल्या. कुणाकडे पिवळं फूल, कुणाकडे गुलाबी, पंतोजींच्या दारात तर भगवं. एकाच झाडाच्या काठ्या, मग रंग निराळे कसे? ते जास्वंदीलाच विचारा.

सरूबाईनं बोचकं सोडलं. झोपडी तिची राहिली आणि कात्रीही.

सगळे पूजेला गेले. थोरले महाराज मात्र तिथंच घुटमळले. बोट उगारून झाडाला काहीतरी सांगणार होते. मग बोट खाली घेतलं. इकडंतिकडं बघितलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून, आणि पुटपुटले, "पाणी हवंय का गं तुला?"

जास्वंद म्हणाली, "नको. दमला असाल. बसा जरा."

मग म्हातारा बसला. तानी त्याच्या शेजारी बसली. पुढं सगळे मजेत राहिले, महाराजसुद्धा.

चला, झाली गोष्ट. पांघरूण घ्या, डोळे मिटा. आणि सकाळी उठल्यावर खिडकीतल्या कुंडीची आधी चौकशी करा, मग पाणी घाला.