वीरबाहूचा गुडघा

लिहिणाऱ्याची शाळा सातवीतच सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकले असेल, शब्दही साधेच आहेत, त्याबद्दल वाचकांनी माफ करावे. परवा तालुक्याच्या थिएटरात एका उडणाऱ्या महावीराचा सिनेमा लागला होता. बघायला नऊ माणसे होती, त्यांतली दोन झोपली होती. तेव्हा ही गोष्ट सुचली.

खाडीकाठच्या एका गावात धाकू नावाचा बाहुलीवाला राहत असे. त्याच्याजवळ वीरबाहू नावाची एक लाकडी बाहुली होती. ती त्याच्या वडिलांनी पांगाऱ्याच्या लाकडातून कोरली होती. कोरताना डाव्या गुडघ्याला चीर गेली, म्हणून वीरबाहू लंगडत चाले.

खेळात राक्षस गावाचे पाणी अडवी आणि वीरबाहू डोंगर चढून त्याच्याशी लढायला जाई. अर्ध्या वाटेवर त्याचा गुडघा मुडपे आणि तो खाली बसे. मग सगळा मांडव गप्प होई. कुणीतरी हळूच म्हणे, "ऊठ रे, बाळा." धाकू सूत ओढी, वीरबाहू उठे आणि लोक मोठा श्वास सोडत.

खेळ संपला की बायका पुढे येत आणि हळदीत बुडवलेली चिंधी त्या गुडघ्याला बांधत. गावोगाव तशी रीतच पडली होती. जुन्या चिंध्या धाकू कधी सोडत नसे. गुडघा चांगला नारळाएवढा झाला होता.

एकदा धाकूच्या मनात आले, लंगड्या वीरावर लोक एवढी माया करतात, तर धडधाकट वीरावर किती करतील! त्याने नवा वीरबाहू कोरला. त्याचे दोन्ही पाय सरळ होते. पाठीला पंख होते. त्याला बाण लागत नसे, आग जाळत नसे. जुना वीरबाहू गोणपाटात गुंडाळून माळ्यावर गेला.

पहिल्या वर्षी लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या वर्षी कमी वाजल्या. तेव्हा धाकूने वीरबाहूला चार हात लावले, मग त्याच्यासारखेच तीन भाऊ कोरले, राक्षसही वाढवले, ढोल दुप्पट केले. तिसऱ्या वर्षी मांडवात अर्ध्या चटया गुंडाळलेल्याच राहिल्या.

खेळाच्या मध्येच एक शेतकरी उठला. धाकूने पडद्याआडून विचारले, "दादा, कुठे निघालात? अजून दोन राक्षस यायचेत."

"येऊ देत की. तो त्यांनाही मारणारच. तेवढ्यात म्हशीला वैरण घालून येतो."

शेतकरी परत आला नाही.

धाकूला टाळ्या कमी झाल्याचे तितके वाटत नव्हते. त्याचे कान त्या एका शब्दासाठी आसुसले होते. वीरबाहू डोंगर चढू लागला की तो अजूनही क्षणभर थांबे. पण मांडवातून 'ऊठ रे' येत नसे, कारण वीरबाहू बसतच नसे.

त्या दिवशी खेळ संपल्यावर गावातल्या म्हाताऱ्या भागीकाकी काठी टेकत पुढे आल्या. त्यांच्या मुठीत हळदीची चिंधी होती. धाकूचा ऊर भरून आला. काकींनी वाकून बाहुलीचा डावा गुडघा चाचपला, मग उजवा चाचपला.

"धाकू, ह्याला कुठं बांधू?"

"ह्याला काही लागतच नाही, काकी."

"मग मी कशाला आले?"

असे म्हणून त्यांनी चिंधी कनवटीला खोचली आणि त्या निघून गेल्या. धाकू हातातल्या सुतांकडे बघत बसला. ज्या चिरेला वडिलांची चूक समजून त्याने माळ्यावर टाकले होते, त्या चिरेतूनच लोक आत येत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माळ्यावर चढला. गोणपाट सोडले. ओलीने जुन्या वीरबाहूचा एक हात निखळला होता, चिंध्या मात्र तशाच होत्या. त्याला उराशी धरून धाकू भागीकाकींच्या दारात गेला.

"काकी, कालची चिंधी आहे का?"

काकींनी कनवटीची चिंधी सोडली, गुडघ्याला बांधली, गाठ मारली. मग बाहुलीच्या तोंडाकडे बघून विचारले, "अजून दुखतं का रे?"

धाकूने हळूच सूत ओढले. वीरबाहूने 'हो' म्हणून मान हलवली.

तात्पर्य: ज्याला काहीच लागत नाही, त्याच्यासाठी कुणाचा जीव तुटत नाही, आणि जिथे जीव तुटत नाही, तिथे माणसे फार वेळ बसत नाहीत.