कुसुंबी अंतरपाट

त्या राज्यात कोणताही पक्षी आपला जोडीदार ओळखत नव्हता, आणि त्याचे कुणाला दुःख नव्हते.

ते बगळ्यांचे राज्य होते. एक मोठे तळे, तळ्याकाठी बाभळींची लांब रांग, आणि त्या बाभळींवर संध्याकाळी उतरणारे हजारो पांढरे पक्षी. उतरल्यावर जो तो जागा मिळेल तिथे बसे, आणि शेजारी जो असेल त्याला जोडीदार म्हणे. घरटी बांधली जात, अंडी उबवली जात, पिल्लांना मासे मिळत. काही बिघडले आहे असे म्हणावे, तर त्याला पुरावा नव्हता.

विधात्याने या पक्ष्यांना एकच रंग दिला होता. मात्र प्रत्येकाच्या अंगावर त्याने एक खूण ठेवली होती, दुसऱ्या कुणावर नसलेली. ती इतकी लहान असे की सहज नजरेला सापडत नसे. आणि स्वतःची खूण स्वतःला कधीच पाहता येत नसे. म्हणून पूर्वजांनी विवाहाचा विधी ठरवला. वधू आणि वर यांच्यामध्ये पांढरा अंतरपाट धरायचा. आठ मंगलाष्टके होईपर्यंत दोघांनी त्या कोऱ्या कापडाकडे पाहायचे, म्हणजे डोळ्यांत साचलेले सारे निवळून जाते. मग अंतरपाट दूर करायचा. त्या क्षणी समोरच्याची खूण दिसे. वराने ती वधूच्या कानात सांगायची, वधूने वराच्या. त्या एका पाहण्यावर सारे आयुष्य निघत असे. हजारोंच्या थव्यातही पुन्हा चूक होत नसे.

पुढे कुणा एका घरी अंतरपाट हळदीत बुडवला गेला. हेतू वाईट नव्हता. मंगलकार्य आहे, थोडी शोभा असावी, इतकेच. दुसऱ्या घरी तो शेंदरी झाला. तिसऱ्याने त्याला जांभळे काठ लावले. फिका रंग धरणाऱ्या घरांची बाभळीवर चर्चा होऊ लागली. आणि मग एक गोष्ट सर्वांच्या ध्यानात आली. गडद कापडाकडे बराच वेळ पाहून नजर हलवली, की त्या कापडाएवढा डाग डोळ्यांसमोर तरंगत राहतो. जिकडे पाहावे तिकडे तो जातो. त्याला त्यांनी ठसा म्हटले आणि शुभ मानले. ज्याच्या लग्नाचा ठसा अधिक टिकला, त्याचे लग्न मोठे. आमच्या थोरलीचा ठसा तीन दिवस होता, असे आया एकमेकींना सांगत.

खुणा कानात सांगण्याची रीत कधी थांबली, ते कुणी लिहून ठेवलेले नाही. अंतरपाट दूर झाला की वर नुसते "पाहिली" म्हणे, वधू "पाहिले" म्हणे, आणि वाजंत्री सुरू होई.

शेवंताबाईंची धाकटी लेक कुमुद हिचे लग्न ठरले, तेव्हा ती आपल्या भानुमामाकडे गेली. भानुमामा फार वृद्ध होता. मामीला जाऊन दोन हिवाळे झाले होते. या राज्यात कुणी गेले की संध्याकाळी रांग थोडी सरके आणि जागा भरून निघे. भानुमामाच्या उजव्या बाजूची जागा मात्र मोकळी असे. तिथे कुणी बसू लागले तर तो नम्रपणे नको म्हणे. साऱ्या बाभुळबनात तेवढी एकच रिकामी जागा होती. कुमुदने विचारले, एवढ्या थव्यात मामी ओळखू कशी येई.

"तिच्या मानेवर एक पीस उलटे वळलेले होते," तो म्हणाला. "अंतरपाट दूर झाला तेव्हा पाहिले. मग बाकीच्या हजारजणी मला दिसल्याच नाहीत, बाळ."

त्यांचा अंतरपाट पांढरा होता, धुऊन धुऊन विरलेला, हेही त्याने सांगितले. त्याच्या अंगावरची खूण मामीने त्याला सांगितली होती. ती कोणती, हे त्याने कुमुदला सांगितले नाही.

त्या दिवसापासून कुमुदला एवढेच हवे होते, की आपण एकदा कुणाला पाहावे आणि कुणीतरी एकदा आपल्याला पाहावे. लग्नात ते घडले नाही, तर पुढे ते कधीच घडणार नव्हते.

अंतरपाट निवडण्यासाठी दोन्ही विहिणी खंड्याकडे गेल्या. खंड्या हा त्या राज्यातला रंगारी. त्याच्या स्वतःच्या अंगावर निळा आणि तांबूस असे दोन रंग शेजारी शेजारी होते, आणि तीच त्याच्या दुकानाची पाटी होती. कुमुदला बरोबर नेले होते. कापड तिच्या लग्नाचे होते, म्हणून. तिला विचारायचे होते, म्हणून नव्हे.

खंड्याने रांजणांतून पट्ट्या काढून वाळूवर पसरल्या. कुसुंबी, मोरपंखी, गुलबक्षी, पोपटी, जांभळी. शेवंताबाईंची नजर कुसुंबीवर ठरली. वराची आई गोदाक्का यांनी जांभळी पट्टी पुढे ओढली.

"कुसुंबी आताशा टिटव्यासुद्धा धरतात, विहीणबाई," गोदाक्का म्हणाल्या.

"धरू देत," शेवंताबाई म्हणाल्या. "जांभूळ आम्ही खातो. त्याच्याआड लेक उभी करत नाही."

खंड्याने दोघींचे ऐकून घेतले. असे वाद त्याला पाठ होते. त्याने सांगितले, की रंग एकटा असला की थोड्या वेळाने निजतो. त्याच्या शेजारी त्याचा वैरी बसवावा, म्हणजे दोघेही जागे राहतात. कुसुंबीला हिरवा, जांभळ्याला पिवळा. मग त्याने सारे कापड कुसुंबी धरले, त्याला हिरवेगार काठ लावले, मधोमध जांभळा चौक आखला आणि चौकाला हळदीची किनार दिली. दोन्हीकडचा मान राहिला. डोळ्याला ते कापड सहन होत नव्हते, आणि त्यावरूनच ते उत्तम ठरले.

कुमुदने तेव्हा विचारले, पांढरे आहे का.

शेवंताबाईंनी मान खाली घातली. गोदाक्का शांतपणे म्हणाल्या, "आमच्यात पांढरे सुतकात धरतात."

तिथे उभ्या असलेल्या तिघीही पांढऱ्या होत्या. कुणाला त्यात काही वावगे वाटले नाही.

"पांढरा माझ्याकडे नाही, ताई," खंड्या म्हणाला. "तो लावून येत नाही. धुऊन येतो." आणि तो आपल्या कामाला लागला.

नमुना पारखून घेण्याची रीत होती. खंड्याने कापड उभे धरले, शंभरपर्यंत मोजले आणि खाली घेतले. कापडात जे असते त्याच्या उलट डोळ्यांत उमटते, असे तो म्हणाला. लालाच्या जागी हिरवा, हिरव्याच्या जागी लाल. दोघी विहिणींनी वाळूकडे पाहिले, आकाशाकडे पाहिले आणि पसंती दिली. कुमुदने आईकडे पाहिले. आईच्या मानेवर एक हिरवट चौकोन होता. चेहरा नव्हता.

"दिसतो ना गं?" चौकोनामागून आईचा आवाज आला.

"दिसतो," कुमुद म्हणाली.

परतताना तिने आईला विनवले, की कापड साधे असू दे. शेवंताबाई रागावल्या नाहीत. मग लोकांनी पाहायला काय यायचे, एवढेच त्यांनी विचारले. तळे ओलांडून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मी तुझ्या वडिलांना ओळखत नाही, कुमुद. तरी तुम्ही पाच भावंडे झालातच." त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. वारा कोणत्या दिशेचा आहे ते सांगावे, तसे त्या सांगत होत्या.

लग्नाच्या दिवशी दोन्हीकडच्या मामांनी अंतरपाटाची दोन टोके चोचीत धरली. वधूकडचे टोक भानुमामाकडे होते. कापडापलीकडे वर निरंजन उभा होता. कुमुदने त्याला अद्याप पाहिलेले नव्हते. उपाध्यायांनी मंगलाष्टके सुरू केली. प्रत्येक अष्टकाच्या अंती "सावधान" म्हटले जाई, आणि प्रत्येक वेळी जमलेले सारे त्या कापडाकडे अधिक निश्चल होऊन पाहत.

कुमुदने डोळे मिटले.

दुसऱ्या अष्टकापर्यंत ते कुणाच्या लक्षात आले नाही. तिसऱ्याला शेवंताबाईंनी तिला पंखाने ढोसले. चौथ्याला कुजबुज झाली. अंतरपाटापुढे डोळे मिटणे अशुभ होते. तसे करणाऱ्या वधूला थव्यात मधली जागा मिळत नसे. तिला रांगेच्या टोकाला, वाऱ्याच्या बाजूला बसावे लागे, आणि तेही कायमचे. हे कुमुदला माहीत होते. सून झोपाळू दिसते, बरे झाले आधीच कळले, असे गोदाक्का म्हणाल्या, आणि दोघीचौघी हसल्या. कुमुदने मनात देवाचे नाव घेतले आणि पापण्या तशाच ठेवल्या. पापण्यांबाहेरचा कुसुंबी उजेड तिला जाणवत होता. तिने तो आत येऊ दिला नाही.

आठवे अष्टक संपले. भानुमामाने आपले टोक सोडले. कापड खाली येतानाचा वारा अंगाला लागला, तेव्हा तिने डोळे उघडले.

तिला निरंजन दिसला. त्याच्या चोचीच्या मुळाशी, डाव्या बाजूला, तिळाएवढा करडा ठिपका होता. रूपाने तो इतरांसारखाच होता. त्या क्षणानंतर तो कुणासारखाही राहिला नाही.

निरंजन समोर पाहत होता. त्याची नजर तिच्या तोंडाच्या दिशेला होती, आणि तिथे पोहोचत नव्हती. रीतीप्रमाणे तो म्हणाला, "पाहिली." कुमुद पुढे झाली आणि जुन्या विधीप्रमाणे तिने त्याची खूण त्याच्या कानात सांगितली. तोवर वाजंत्री सुरू झाली होती. तो हो, हो म्हणाला आणि मान वळवून, घडी होत असलेल्या अंतरपाटाकडे पाहू लागला. सारेच तिकडे पाहत होते. पंगतीत जेवण होईपर्यंत त्या कापडाची वाहवा झाली.

संध्याकाळी थवा बाभळींवर उतरला. कुमुदला वाऱ्याकडच्या टोकाला पाठवण्यात आले. ती आधी तिथे गेली नाही. एकेक रांग पाहत, एकेका चोचीजवळून ती उडत राहिली. कुणी विचारले नाही, कारण या राज्यात कुणी कुणाला शोधत नसे आणि शोधणे कसे दिसते ते त्यांना ठाऊक नव्हते. तिसऱ्या बाभळीच्या मधल्या फांदीवर तिला तो करडा ठिपका दिसला. निरंजनच्या शेजारची जागा अजून भरायची होती. ती उतरली.

तो अदबीने सरकला. "बसा, बाई. जागा आहे."

ती बसली. काही वेळाने ती म्हणाली, "तुमच्या चोचीच्या मुळाशी, डाव्या बाजूला, एक करडा ठिपका आहे."

"असेल," तो म्हणाला. "मला कधी कुणी सांगितले नाही."

तिने आपले तोंड पूर्ण त्याच्याकडे वळवले आणि मावळतीच्या उजेडात स्थिर धरले. आपल्या अंगावर कोणती खूण आहे, हे तिला ठाऊक नव्हते. तेवढे तो सांगेल, इतकेच उरले होते.

निरंजनने बराच वेळ तिच्याकडे पाहिले. पाहता पाहता त्याची मुद्रा उजळली.

"आज माझे लग्न झाले," तो म्हणाला. "अंतरपाट असा होता, की ठसा अजून पुसट झालेला नाही. या क्षणी तो नेमका तुमच्या तोंडावर आहे, बाई. काठसुद्धा दिसतात."