रिकामा खल मांडीवर

एकदा एका घाटाच्या पायथ्याला दाजीबा नावाचे एक वृद्ध वैद्य राहत होते. हाताशी दोन शिष्य, उमाजी आणि बयाजी. दोघेही चाळिशीला टेकलेले, दोघेही हुशार, स्वभावाने गाईसारखे गरीब. आणि ओढ्यापलीकडे राहत होता विसू कुंभार, त्याची बायको सगुणा, आणि लग्नानंतर अकराव्या वर्षी त्यांच्या पदरात पडलेली लेक ठकी. तीन वर्षांची. घरात बोलणारं ते एकच तोंड, बाकी दोघं ऐकणारी.

दाजीबांच्या घरी मोलाच्या वस्तू दोनच. काळ्या दगडाचा एक खल, तो पुढच्या ओसरीवर असायचा. आणि गुंजेगुंजेने तोलणारा एक पितळी तराजू, तो मागच्या पडवीतल्या कोनाड्यात. कुठलंही औषध करायचं तर दोन्ही लागत. दाजीबांनी घराला तीन नियम घालून दिले होते. औषध घडत असताना बोलायचं नाही, कारण बोलण्यात मात्रा चुकते. हाती घेतलेली वस्तू काम पुरं झाल्याशिवाय खाली ठेवायची नाही. आणि दुसऱ्याच्या हातातली वस्तू कधी मागायची नाही की ओढायची नाही, तो ठेवील तेव्हा घ्यायची. सांगा बरं, यात वाईट काय आहे? बारा वर्षं हे नियम पाळले गेले आणि बारा वर्षांत कधी तंटा म्हणून झाला नाही.

एके सकाळी सगुणा ठकीला खांद्यावर टाकून धावत आली. पोर तिसऱ्या दिवशीही तापाने फणफणत होती, डोळे उघडत नव्हती. विसूचं चाक तीन दिवस थांबलेलं, चुलीचीही तीच गत. दाजीबा मुळ्या आणायला रानात गेले होते. उमाजीने नाडी पाहिली, मान हलवली आणि खल उचलला. घरात होत्या त्या मुळ्या आधी कुटायच्या, मग मात्रा तोलायची. लहानग्या जिवाला गुंजभर जास्त झालं तरी घात, म्हणून तोलल्याशिवाय चालणारच नव्हतं.

मागे पडवीत बयाजी बसला होता. त्याच्यापुढे गावच्या पाटलांच्या गुडघ्याचा लेप. त्याची रीत उलटी. त्याला जिन्नस आधी तोलायचे, मग कुटायचे. त्याने तराजू घेतलेला होता.

उमाजीचं कुटून झालं. तो पडवीच्या दाराशी गेला, बयाजीच्या हाती तराजू दिसला, तसा मुकाट्याने परत आला आणि खल मांडीवर घेऊन बसला. थोड्या वेळाने बयाजीचं तोलून झालं. तो ओसरीवर डोकावला, उमाजीच्या मांडीवर खल दिसला, तसा तोही परतला आणि तराजू हातात धरून बसला. दोघांनी डोळे मिटले. दोघांच्या मनात एकच, की त्याचं होईल आता, घाई कशाला करावी.

भिंतीपलीकडे बाहेरच्या ओट्यावर बसलेल्या सगुणेचे कान आत लागलेले. खलाचा आवाज थांबला तेव्हा तिला वाटलं, झालं औषध. मग घटका गेली, दुसरी गेली. ठकीचा श्वास लहान लहान होत चालला. आत हाक मारावी तर भीती, आपण बोललो आणि औषध बिघडलं तर?

तेवढ्यात मुळ्यांची मोळी घेऊन दाजीबा आले.

"पोरी, काय झालं हिला? औषध दिलं का?"

"कुठलं औषध, वैद्यबाबा! दोघं शहाणी माणसं आत आहेत, पण घर कसं सुतकासारखं गप्प. मघापासून खल वाजेना की पाऊल वाजेना. माझी पोर जाते हो!"

दाजीबांनी मोळी तिथेच टाकली. ओसरीवर एक डोळे मिटून बसलेला, पडवीत दुसरा. त्यांना एका दृष्टीत कळलं. ते पडवीत गेले आणि बयाजीच्या हातातून तराजू काढून घेतला. काम अर्ध्यात सुटलं की मात्रेचा भरवसा नाही, म्हणून लेपाचे तोललेले जिन्नस कागदावरून परत डब्यांत ओतून टाकले. सकाळची सारी मेहनत गेली. तराजू उमाजीपुढे ठेवला, मात्रा झाली, मधातून ठकीच्या जिभेला लागली.

बयाजीचे डोळे भरून आले. "दाजीबा, मी कुठला नियम मोडला? मी ओढलं नाही, बोललो नाही. मग शिक्षा मला का?"

"शिक्षा नाही रे," दाजीबा त्याच्या शेजारी जमिनीवरच बसले. "दोघांपैकी एकाने सोडल्याशिवाय गाठ सुटत नव्हती. पाटलांचा गुडघा उद्यापर्यंत थांबेल, पोर थांबली नसती. तू त्याची वाट पाहत होतास, तो तुझी. मी आलो नसतो तर तुम्ही दोघे याच नम्रतेने संध्याकाळपर्यंत बसला असता. दोष माझ्या मांडणीचा आहे. बारा वर्षं तो या घरात होता. तुम्ही दोघे कधी एका घटकेला औषध करायला बसला नाहीत, म्हणून मला तो दिसला नाही, आणि मी समजत राहिलो की घर नीट चाललं आहे. आज हे योगाने घडलं. उद्या कुणा दुष्टाला आपल्या घराची ही खोड कळली, तर तो दोन रोगी एकदम धाडील आणि दाराला हात न लावता हे घर बंद पाडील."

मग त्यांनी तराजू उचलून ओसरीवर खलाच्या मागच्या कोनाड्यात ठेवला. "आजपासून आधी खल, मग तराजू. ज्याच्या हाती खल नाही, त्याने तराजूला हात लावायचा नाही."

"पण मला आधी तोलायचं असतं," बयाजी म्हणाला. "मी काय रिकामा खल मांडीवर घेऊन तोलत बसू? लोक हसतील."

"हसू देत. हसणाऱ्याचंही औषध वेळेवर होईल."

उमाजीने खल खाली ठेवला. तो म्हणाला, "दाजीबा, क्रम एक असला की वाट पाहणारा नेहमी मागे उभा राहतो, समोरासमोर कधी येत नाही. असंच ना?" दाजीबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

माझी नात संगणकाच्या गाभ्याचं काम करते, म्हणजे आतून सगळ्या कामांना वस्तू वाटून देणारा जो असतो त्याचं. ती सांगते, तिथे हाती धरलेल्या वस्तूला कुलूप म्हणतात. दोन कामं एकेक कुलूप धरून एकमेकांची वाट पाहू लागली की अख्खं यंत्र मुकाट बसतं, आणि वाईट माणसं अशी जागा शोधून मुद्दाम ते बसवतात. उपाय विचारला तर म्हणाली, आजी, सगळ्यांनी कुलपं एकाच क्रमाने घ्यायची. मी म्हटलं, हे तर दाजीबांनी केलं होतं.

तर तिसऱ्या प्रहरी ठकीला घाम फुटला. संध्याकाळी तिने डोळे उघडले आणि पहिला शब्द बोलली, "भूक." सगुणा हसायला गेली आणि रडली. त्या रात्री कुंभाराची चूल पेटली, दुसऱ्या दिवशी चाक फिरू लागलं. पुढे महिनाभर ठकी रोज दाजीबांच्या ओट्यावर येऊन रिकामा खल मांडीवर घेऊन तोलणाऱ्या बयाजीला बघत बसे. घरी गेली की बापाचं एक रिकामं मडकं मांडीवर घेऊन बसायची आणि आल्यागेल्याला बजावायची, "आधी हे. मग ते." विसू चाक फिरवता फिरवता तिच्याकडे बघायचा. आणि वर्षाच्या आत त्या घरात मांडी मागणारं दुसरं एक आलं, तेव्हा ठकीने आपलं मडकं खाली ठेवलं आणि भावाला जागा करून दिली.