महिपतच्या मनातलं

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. माझ्या डोळ्यांदेखत घडली. म्हणजे मी तेव्हा सांगलीला होतो, पण डोळे उघडेच होते.

एका गावात एक भोळा कारकून होता. नाव महिपत. शाळेत नोकरी, घरी मंजुळा नावाची बायको. सगळं बरं चाललं होतं. मग कुणीतरी त्याच्या फोनमध्ये एआय घालून दिलं. विचारलं की सांगतं, सांगितलं की लिहितं. महिपत त्याला 'शहाणा' म्हणायचा. शहाणा आल्यावर महिपतनं स्वतःच्या डोक्याला सुट्टी दिली. भरपगारी.

एक दिवस मंजुळानं विचारलं, "अहो, आमटी कशी झालीय?"

महिपतनं घास तोंडात तसाच ठेवला. फोन काढला. शहाण्याला विचारलं आणि उत्तर मोठ्यानं वाचलं, "आमटी हा एक लोकप्रिय पदार्थ असून तिची चव व्यक्तीनुसार बदलते."

"खारट झालीय ती!" मंजुळा म्हणाली. "जीभ तुमची, अन् विचारता त्याला?"

तिनं पिशवी भरली आणि माहेरी निघून गेली.

आता आली पंचाईत. महिपतला तिच्याशिवाय खरंच करमेना. तो शहाण्याला म्हणाला, "बायको परत यायला पाहिजे. अर्ज लिही." शहाण्यानं चुटकीसरशी लिहून दिला. महिपत एसटीनं सासुरवाडीला गेला, ओसरीवर उभा राहिला आणि वाचू लागला.

"विषय, पत्नीने परत येणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून..."

"जावईबापू," सासरे म्हणाले, "हा तलाठ्याचा कागद चुकून इकडं आणलात का? अहो, जरा गोड लिहावं. प्राणप्रिय म्हणावं. तुझ्यावाचून करमत नाही म्हणावं."

महिपतला पटलं. त्यानं शहाण्याला ताकीद दिली, "यापुढं गोड लिहायचं."

दुसऱ्या दिवशी सुट्टीचा अर्ज द्यायचा होता. शहाण्यानं गोड लिहिला. हेडमास्तर शिक्षकांसमोरच वाचायला लागले.

"प्राणप्रिय सर, तुमच्यावाचून मला क्षणभरही करमत नाही. तरी दोन दिवस सुट्टी मिळावी."

शिक्षकखोलीत चहा तीन जणांच्या नाकातून आला. हेडमास्तर लालबुंद झाले.

"महिपत! अर्ज आहे का काय आहे हे? मोजके मुद्दे लिहावेत. एक, दोन, तीन. खाली शिक्का मारावा. संपलं!"

महिपतला पटलं. ताकीद दिली, "यापुढं मुद्दे."

पुन्हा सासुरवाडी. या वेळी मंजुळा स्वतः दारात आली. महिपतनं वाचलं.

"एक, भांडी साठली आहेत. दोन, म्हैस मला लाथ मारते. तीन, आपण आल्यास वरील दोन्ही अडचणी दूर होतील." खाली शाळेचा गोल शिक्का. आणि शिक्क्याच्याही खाली एक ओळ होती, तीही त्यानं इमानदारीत वाचली. "हे पत्र आणखी भावपूर्ण करून देऊ का?"

"द्या की," मंजुळा म्हणाली.

महिपतनं फोन बघितला. बॅटरी संपली होती.

"राहू द्या," ती म्हणाली. "निदान शेवटी 'वाट बघतोय, लवकर परत ये' एवढं तरी म्हणायचं होतं. आले असते हो मी."

महिपतला फारच पटलं. घरी येऊन त्यानं फोन चार्जिंगला लावला आणि ताकीद दिली, "यापुढं शेवटी हे लिहायचंच."

त्याच आठवड्यात शाळेचे जुने कवायत मास्तर खंडागळे गुरुजी वारले. व्हरांड्यातल्या फळ्यावर श्रद्धांजली लिहायचं काम कारकुनाकडं. शहाण्यानं सांगितलं, महिपतनं सुवाच्य अक्षरात उतरवलं.

"आदरणीय खंडागळे गुरुजींना भावपूर्ण श्रद्धांजली. गुरुजी, आम्ही वाट बघतोय. लवकर परत या."

पोरं त्या व्हरांड्यातून जायला तयार होईनात. खंडागळे मास्तरांचा मार सगळ्यांनी खाल्ला होता.

"अरे बाबा," हेडमास्तरांनी हातच जोडले, "अशा वेळी तू काही लिहू नकोस, काही बोलू नकोस. मान खाली घाल आणि दोन मिनिटं गप्प उभा राहा!"

महिपतला पटलं.

तो तिसऱ्यांदा सासुरवाडीला गेला. मंजुळा म्हणाली, "हे शेवटचं बरं का. फोन बाबांकडं द्या. आता तुमच्या मनातलं सांगा. मी कशाला येऊ?"

फोन गेला सासऱ्यांच्या बंडीच्या खिशात. महिपत गांगरला. शहाणा नाही, कागद नाही. मग त्याला हेडमास्तर आठवले. त्यानं मान खाली घातली आणि दोन मिनिटं गप्प उभा राहिला.

सासऱ्यांनी का कुणास ठाऊक, टोपी काढली.

मंजुळा बघतच राहिली. लग्नाला चार वर्षं झाली, पण हा माणूस विचार करताना तिला आज पहिल्यांदा दिसला. तिचे डोळे भरून आले.

"पुरे झालं," ती म्हणाली. "काही सांगू नका. कळलं मला." तिनं पिशवी उचलली. "आणि फोन राहू द्या इथंच."

दोघं एसटीत शेजारी शेजारी बसली. मंजुळा खिडकीतून बाहेर बघत गालातल्या गालात हसत होती. थोड्या वेळानं तिनं हळूच विचारलं, "अहो, मघाशी एवढा वेळ मान खाली घालून काय विचार करत होता?"

महिपतनं खिसा चाचपला. खिसा रिकामा. त्यानं दुसरा चाचपला. तोही रिकामा. मग तो तिच्याकडं वळला आणि अगदी मनापासून म्हणाला,

"मंजुळा, मी काय विचार करत होतो गं?"

आता शंभर टक्के खरी म्हटलंय, तर सांगून टाकतो. यातली एसटी मी पदरची घातली. त्या गावाला एसटी जातच नाही. दोघं चालतच निघाली होती.

म्हणून तर मंजुळाला लगेच मागं फिरता आलं.