मुक्यानं आणायचं पाणी

“...आणि त्यात इंटरनेटच नसलं तर, अक्का?”

अक्कांनी मान वर केली नाही. त्या विळ्यानं चिंच फोडत होत्या.

“नसलं तर नसलं.”

“पण वर्गाचा अभ्यास फोनवर येतो ना हल्ली! तो हिला दिसणार कुठं?”

“मग असलेला घे.”

“असलेला घेतला तर अभ्यास सोडून बाकी सगळं दिसणार.”

“मग नसलेला घे.”

डोंगर चढून आल्यावर वैजयंतीची एवढीच प्रगती झाली होती... घरातून निघताना जिथं होती, तिथंच.

या प्रश्नानं तिची झोप उडवली होती. डोळे मिटले की फोनच दिसायचे. बटणांचे, काचेचे, घड्याळासारखे मनगटावर बांधायचे. वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. झालेली बाई ती. पानाच्या शिरा बघून झाडाचं कूळ सांगायची. आणि पोरीसाठी एक साधा फोन तिला निवडता येईना. नवरा बेळगावात नोकरीला. तो फोनवर म्हणाला, “बटणाचा घेऊन टाक की.” इतक्या पटकन म्हणाला, की बटणाचा घ्यायचा नाही हे तिनं तेवढ्यापुरतं ठरवून टाकलं.

गोष्ट खरं तर छोटी होती. गावची शाळा सातवीत संपत होती. कार्तिकीला आठवीला तालुक्याच्या शाळेत जायचं होतं. तिथं प्रयोगशाळा होती. एसटीनं तिठ्यापर्यंत जायचं, तिथं उतरून दुसरी गाडी धरायची. तिठ्यावर एक पानटपरी आणि एक मोडका निवारा. शाळेनं सांगितलं होतं, फोन आणायचा तर साधा आणा आणि दप्तरात ठेवा.

आणि वैजयंतीनं सांगितलं होतं, फोन ठरला नाही तर तालुका नाही. शेजारच्या गावात आहे की आठवी. चालत जाता येते. विज्ञानाला शिक्षक नाही, पण चालत जाता येते.

प्रवेश उद्यापर्यंतच होते. फोन ठरला नव्हता. परवापासून कार्तिकी आईशी कामापुरतंच बोलत होती.

म्हणून दोघी अक्कांकडं आल्या होत्या. अक्का डोंगरावरच्या शंकराच्या देवळापाशी एकट्या राहत. किती वर्षं, ते गावात कुणाला नीट सांगता येत नसे. अडलेली माणसं त्यांच्याकडं जात. उत्तर मिळेच असं नाही. पण माणूस परत येताना गप्प असायचा, आणि घरच्यांना तेवढंही पुरायचं.

“साधा म्हणजे कसला?” अक्कांनी विचारलं.

“नुसता बोलायचा. फोटो नाही, व्हिडिओ नाही, खेळ नाही. लक्ष विचलित करणारं काहीच नको. पण तसा मिळत नाही हो. बटणाच्या फोनमध्येसुद्धा साप असतो.”

अक्कांचा हात थांबला. “साप?”

“खेळातला, अक्का,” पायरीवर बसलेली कार्तिकी म्हणाली. “तो खातो आणि लांब होत जातो.”

“आणि मग?”

“मग स्वतःलाच चावतो.”

“माणसासारखाच हाय की मग,” अक्का म्हणाल्या आणि पुन्हा चिंच फोडू लागल्या.

“चेष्टा नको हो, अक्का. शिवाय रेडिओ असतो. टॉर्च असतो...”

“टॉर्चनं बिघडंल व्हय पोरगी?”

कार्तिकी फिसकन हसली. वैजयंतीलाही हसू आलं होतं. तिनं ते गिळलं.

“तुम्ही सांगाल तो घेते. आज खाली उतरले की घेते.”

“मला ह्यातलं काय कळतंय?”

“मला तरी कुठं कळतंय?” वैजयंती म्हणाली. “पण तुम्हाला झोप तरी लागते.”

अक्कांनी तिच्याकडं बघितलं. पहिल्यांदाच.

“फोन पायजे कशाला?”

“ती कुठं आहे ते कळायला.”

“कुठं हाय ती?”

“आता? आता इथंच आहे की.”

“मग?”

“उद्या नसेल, अक्का.”

...

अक्का उठल्या. आतून एक तांब्याची लहान कळशी घेऊन आल्या.

“कार्तिकी, पिंडीवरचं पाणी राहिलंय. आणतीस?”

त्या देवळाचा एक रिवाज होता. पिंडीवरचं पाणी खालच्या झऱ्यातून आणायचं, आणि मुक्यानं आणायचं. कळशी भरल्यापासून पिंडीवर रिती होईपर्यंत आणणाऱ्यानं बोलायचं नाही. तोंडातून एक शब्द गेला, तरी ते पाणी वाटेवरच्या जवळच्या झाडाच्या बुंध्यात ओतायचं आणि परत झऱ्यावर जायचं. कुणी रागवत नसे, दंड नसे. नुसतं परत जायचं. गावातलं शेंबडं पोरही हे जाणून होतं.

कार्तिकी कळशी घेऊन वाटेला लागली. झरा वळणापलीकडं होता. देवळातून दिसत नसे. बघता बघता तिची वेणी वळणाआड गेली.

“तर मी काय म्हणत होते,” वैजयंती म्हणाली, “घड्याळाचा एक प्रकार आहे. त्यात आपण घालू तेवढेच नंबर लागतात. पण शाळेत चालतो की नाही, कुणी धड सांगत नाही...”

बोलणं अक्कांशी होतं, डोळे वळणावर होते.

“...म्हणजे शाळा म्हणते साधा. आता साधा कशाला म्हणायचं?... कार्तिकी!”

अक्का चिंचोका बाजूला टाकत होत्या.

“कार्तिकी! भरलीस का गं?”

डोंगर गप्प.

“का-र्ति-की!”

“हो गं, आले!” वळणापलीकडून आवाज आला.

आणि लगेच पाणी ओतल्याचा.

थोड्या वेळानं वळणावर कार्तिकी दिसली. कळशी तिनं उपडी धरली होती, आईला नीट दिसावी अशी. मग ती परत फिरली.

“अगं बाई,” वैजयंती म्हणाली. “चुकून गेलं तोंडातून.”

“जातं.”

“नाही, म्हणजे झऱ्यावर शेवाळ असतं ना...”

“असतं.”

या खेपेला वैजयंतीनं ओढणीचं टोक तोंडावर दाबून धरलं. फोनबद्दलसुद्धा बोलली नाही. एवढा वेळ फोनबद्दल न बोलता ती गेल्या महिनाभरात बसली नव्हती.

कार्तिकी वळणावर आली. कळशी कमरेवर, काठोकाठ भरलेली. जपून पाऊल टाकत होती, ओठ घट्ट मिटले होते. वाटेवरचा करंज जवळ आला. त्याच्या अलीकडं वाटेत एक मोठा चपटा दगड होता. येताना वैजयंतीचा पाय त्याच्यावरच डगमगला होता.

ओढणी सुटली.

“दगड बघ! हलतोय तो! डावीकडून ये!”

“मला माहितीय गं, आई...”

कार्तिकी थांबली.

तिनं कळशीकडं बघितलं. मग करंजाच्या बुंध्यात ती ओतली. सगळी. ओतून झाल्यावर तिथंच बसली, देवळाकडं पाठ करून.

“माहीतच होता मला तो दगड!” तिचा आवाज भरला होता. “मी डावीकडूनच येत होते!”

“मी तिच्या भल्याचंच बोलले, अक्का.”

“व्हय.”

“तो दगड खरंच हलतो.”

“हलतो की. लई वर्षं हलतोय.”

“मग सांगायचं नाही?”

अक्कांनी पुढची चिंच घेतली.

“सांगितलं तर पाणी जातं. नाही सांगितलं तर... पाय जातो. मग आईनं करायचं काय?”

...

“कार्तिकी,” अक्कांनी हाक मारली. “ये हिकडं. माझी चिंच फोड.”

कार्तिकी नाक पुसत आली. अक्कांनी तिच्या हातातली कळशी घेतली आणि वैजयंतीपुढं धरली.

“तू आण.”

“मी?”

“फोन तुला न्हवं का घ्यायचाय?”

वैजयंती उठली. याचा त्याच्याशी काय संबंध, हे विचारायचं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण विचारलं असतं तर उत्तर आलं असतं की नाही, याची तिला खात्री नव्हती, आणि आलेलं उत्तर कळलं असतं याची तर अजिबातच नव्हती.

ती वाटेला लागली. वळणावर आल्यावर एकदा मागं बघितलं. अक्का आणि कार्तिकी समोरासमोर बसल्या होत्या. कार्तिकी काहीतरी सांगत होती, हातवारे करून. परवापासून ती घरात एवढं बोलली नव्हती.

वळण संपलं आणि देऊळ दिसेनासं झालं.

झऱ्याचं पाणी बारीक होतं. कळशी भरायला वेळ लागला. वैजयंती उकिडवी बसून ऐकत राहिली. पाण्याशिवाय कसलाच आवाज नव्हता. काय सांगत असेल ही अक्कांना? फोनचं? माझं? विळा तर हातात घेतला नसेल ना? तिला चिंच फोडता येते कुठं?

विचारायचं असेल तर आत्ताच. कळशी अजून भरली नव्हती. अजून बोलता येत होतं.

तिनं तोंड उघडलं... आणि मिटलं. काय विचारणार होती?

कळशी भरली. तिनं ती कमरेवर घेतली. आता बोलायचं नाही.

आता तिच्या मनात एकच होतं. पोरगी हाक मारेल. आपण मारली तशीच. आपल्याला ओ द्यावी लागेल, पाणी जाईल, परत यावं लागेल. चालेल. जाऊ दे पाणी.

ती सावकाश चालली. जरा जास्तच सावकाश.

हाक आली नाही.

वळण आलं तरी नाही. तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याची लाजही वाटली. हे दोन्ही सांभाळत ती चालत असताना पाय नेमका त्या चपट्या दगडावर पडला.

दगड हलला. कळशी कलंडली, पाणी अंगावर आलं. गुडघा टेकला. तोंडातून आवाज निघाला नाही... कसा निघाला नाही, ते तिचं तिलाच कळलं नाही.

तिनं वर बघितलं.

देवळाच्या पायरीवर कार्तिकी उभी होती. दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून. डोळे एवढे मोठे झालेले. ती धावत आली नाही. ओरडली नाही. नुसती बघत राहिली, आई उठून उभी राहीपर्यंत.

वैजयंती उठली. आली. कळशी पिंडीवर रिती केली.

“अर्धंच आलं,” ती म्हणाली.

“आलं,” अक्का म्हणाल्या.

वैजयंती खाली बसली. गुडघ्याला माती लागली होती. कार्तिकीनं ती आपल्या हातानं झाडली. मग कळशी उचलली आणि पुन्हा वाटेला लागली. तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

“अगं, पुरे...” वैजयंती म्हणणार होती. म्हणाली नाही.

वेणी वळणाआड गेली.

“उद्या नाव घालते तिचं, अक्का,” वैजयंती म्हणाली. “तालुक्यालाच. फोन ठरो, नाही तर न ठरो.”

बोलून झाल्यावर तिलाच दचकल्यासारखं झालं. हे आपण कधी ठरवलं? झऱ्यावर? दगडावर? तिला आठवेना.

अक्का चिंच फोडत होत्या.

“पण फोन तर लागणारच ना? तिठ्यावर गाडी चुकली, काही झालं... तेवढं तरी सांगा. कोणता घेऊ?”

अक्कांनी एक चिंचोका उचलून उन्हात धरला, आणि ढिगात टाकला.

“हाक मारता येत न्हाई असला मिळतोय काय बघ.”

“अहो, मग तो फोन कसला?”

अक्का उठून आत गेल्या. त्यांचं बोलून झालं होतं.

वैजयंती एकटीच पायरीवर राहिली. अक्कांचं वाक्य तिनं उलटं करून बघितलं, सुलटं करून बघितलं. असला फोन कुठल्याच दुकानात नव्हता. तिनं सगळी दुकानं पालथी घातली होती.

वळणावर कुणी नव्हतं.

कळशी भरायला वेळ लागतो, हे आता तिला माहीत होतं. तेवढा वेळ गेला. मग आणखी तेवढाच गेला. वैजयंतीनं ओढणी तोंडावर धरली नाही. हात मांडीवर ठेवले, आणि एका हातानं दुसरा धरला.

शेवटी वळणावर कार्तिकी दिसली. ती सरळ आली, आईकडं न बघता आत गेली आणि पाणी पिंडीवर घातलं. सगळं. मग रिकामी कळशी खाली ठेवली आणि वळली.

“आई, मी कधीची तिथं थांबले होते,” ती म्हणाली. “म्हटलं, आता मारशील हाक.”