अमिराचा झगा

शुक्रवार, दुपारच्या नमाजानंतरची वेळ. दरबार भरला होता. अमिराच्या खांद्यांवर सोनेरी जरीकाठाचा काळा झगा होता, त्याला अरबी मुलखात बिश्त म्हणतात. बिश्तचा काठ जो धरेल त्याला अमिराने अभय द्यायचं, ही जुनी रीत. मौजाने पुढे होऊन काठ घट्ट धरला. तिचा पाणबुड्या भाऊ सुहैल अमिराविरुद्ध बोलला म्हणून तुरुंगात पडला होता.

“माझ्या भावाला सोडा, हुजूर.”

अमिराने हसत बिश्त खांद्यांवरून सोडून दिला. “घे, झगाच घेऊन जा. अभय माझ्यापाशी आहे, कापडात काही नाही.”

दरबार खो खो हसला. मौजाने झगा पांघरला आणि तडक तुरुंग गाठला. जरीकाठ दिसताच पहारेकरी वाकले, त्यांनी दार उघडलं. खबर लागून अमीर धावत आला, तर साध्या सदऱ्यातल्या त्याला त्यांनी भाला आडवा धरून अडवलं.

“कापडात काही नाही ना, हुजूर?” मौजा म्हणाली. “मग हे मला वाकले कशाला, आणि तुम्हाला अडवलं कशाला?”

अमिराची मान खाली गेली. “ने तुझ्या भावाला,” तो पुटपुटला.

मौजा धावली. कोठडीत सुहैलच्या चपला होत्या. सुहैल नव्हता. तो कुठे गेला, हे आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.