सासूबाईंचा रीटेक

ऋजुता धारपचा छोटासा सिनेमा कोल्हापूरच्या महोत्सवात पहिला आला आणि सहकुटुंब हजर असलेल्या बड्या निर्मात्याच्या, बापूसाहेब खर्डेकरांच्या, पोटात दुखू लागलं. सत्कार चालू असतानाच त्यांनी माईक ओढला. "नवरा नायक, दीर खलनायक आणि सासू नायकाची आई! घरच्यांना घेऊन सिनेमा काढायला कसली आलीय अक्कल?"

ऋजुता मात्र हसली. "खरंय, बापूसाहेब. तुम्ही फक्त एकदा आपल्या सासूबाईंना चारचौघांत सांगून बघा, 'तुमचं रडणं खोटं वाटतंय, पुन्हा रडा.' मी महिनाभर तेच करत होते."

बापूसाहेबांनी उत्तरासाठी तोंड उघडलं, तेवढ्यात पहिल्या रांगेतून त्यांच्याच सासूबाईंचा आवाज आला, "सांगून बघाच, जावईबापू!"